साडी आत आहे

गोधडी हातात आली की तुम्ही आधी काय बघता, ऊब की रंग? मी रंग बघितला आणि हिरमुसले. गेलेल्या आईची निळी साडी मी गोधड्या शिवणाऱ्या शांतामावशींकडे दिली होती; वर मात्र भलतंच जाड चौकडीचं कापड होतं.

"आईची साडी कुठाय?" मी तावातावानं विचारलं.

"आत हाय. विरलेलं कापड वर टिकतंय व्हय, बाई? महिन्यात चिंध्या झाल्या असत्या, मग मलाच बोलली असतीस!"

चळवळीत पत्रकं वाटत वाढलेली मी. जे दिसत नाही ते दडपलेलंच, असं मानत आले. मावशींनी मात्र जपण्यासाठी झाकलं होतं. टाक्यांवरून हात फिरवला, तेव्हा आतला मऊपणा हाताला लागला.

गोधडीला नावं ठेवण्याआधी शिवणारीला एकदा विचारा, आत काय घातलंय.