कॅप्टनचा रोजा

पोर्ट सईदच्या आमच्या गल्लीत माझ्या नवऱ्याला शौकी म्हणून कोणी हाक मारत नाही. पोरांना फुटबॉल शिकवतात, म्हणून लहानथोर सगळे कॅप्टनच म्हणतात. घरात मीही तेच म्हणते, फक्त माझ्या तोंडून ते टोमण्यासारखं निघतं.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी बजावलं, साखर फार वाढलीय, रोजा धरायचा नाही. आजाऱ्याला धर्मानंही सूट दिलीय. पण आमच्या कॅप्टनना लाज! "पोरांपुढे पाणी पिऊ? लोक तोंडात शेण घालतील." मग काय, तेव्हापासून रमजानात रोज दुपारी दार लावून, स्वयंपाकघरात चोरासारखं उभ्यानं जेवायचं आणि ओठ पुसून मैदानावर जायचं. मी म्हणायची, "अल्लाला माहीत, मला माहीत, मग लपवता कुणापासून?" त्यावर ते चप्पल शोधायला लागायचे.

यंदा ईद झाली की कैरोच्या एका मोठ्या क्लबचे लोक पोरं निवडायला येणार होते. कॅप्टनांचा रमजानातला सराव एरवी नीट बेतलेला असतो. इफ्तारआधी नुसतं अंग मोकळं करायचं. बैठका, उड्या, वाळूतली धाव हे ताकदीचं सगळं रात्री, पोटात अन्नपाणी गेल्यावर. पण यंदा रमजानातल्या गल्लीगल्लीच्या सामन्यांनी रात्रीचं मैदान अडवलं. निवड तर तोंडावर आलेली. म्हणून त्यांनी जड व्यायाम सूर्यास्ताच्या मगरिबआधी, दुपार कलल्यावरच घातला. "झेपेल तेवढंच करा रे," असं म्हणायचे खरं, पण लगेच स्वतःच पुढे पळायचे. "माझ्याकडे बघा! मी म्हातारा पळतोय!" असं म्हटल्यावर कुठला पोरगा थांबणार?

मोमेनही थांबला नाही. कोळी मेतवल्लीचा हा पोरगा सगळ्यांत चपळ, कैरोला जाणार तर हाच, असं सगळे म्हणायचे. त्या दिवशी वाळवंटाकडून गरम वारा सुटला होता.

"कॅप्टन, डोळ्यांपुढे अंधारी येतेय."

"अरे, अजानला दोन तास तर राहिलेत. मी थांबलोय का?"

पोरगा पुन्हा पळाला आणि वाळूत कोसळला.

कळल्याबरोबर मी इस्पितळात धावले. सलाइन लावलं होतं. डॉक्टर म्हणाले, अंगातलं पाणी पार आटलंय, मूत्रपिंडांवर ताण आलाय. वाचेल, पण ईदनंतरही बरेच दिवस खेळायचं नाव काढू नका. कैरोची निवड गेली. कॅप्टन भिंतीला टेकून उभे होते, वर बघतच नव्हते.

तेवढ्यात मगरिबची अजान झाली. पोराच्या खाटेशी बसलेल्या मेतवल्लीनं खिशातून खजूर काढले आणि पहिला कॅप्टनांच्या हातावर ठेवला.

"आधी तुम्ही रोजा सोडा. या वयात रोजा धरून पोरांबरोबर पळता! मोमेन घरी तेच सांगतो, कॅप्टन थांबत नाहीत, मग मी कसा थांबू?"

खोटं कशाला बोलू, मला वाटलं, खा आणि गप्प बसा. असं वाटलं याचीच मग मला शरम वाटली.

"मेतवल्ली, माझा रोजा नाही," कॅप्टन म्हणाले. "एकही धरला नाही. मला साखर आहे. आजसुद्धा जेवून, पाणी पिऊन आलो होतो."

मेतवल्ली शिव्या देईल असं मला वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"एवढं पोरांना सांगायचं होतंत, कॅप्टन," तो हळूच म्हणाला. "माझ्या पोरानं पाणी मागितलं असतं."