क्लॅरिनेटचा दात

लष्कराच्या बँडमधून निवृत्त झाल्यावर खंडेराव जगदाळे साताऱ्याला परतले नाहीत. त्यांच्या पत्नीची, लतिकाताईंची नोकरी दिल्लीत होती आणि फरीदाबादच्या एका शाळेला बँडमास्तर हवा होता. रोज सकाळी मैदानावर ते आधी स्वतः क्लॅरिनेट वाजवून दाखवत आणि मग मुलांकडून वाजवून घेत. नुसतं तोंडी समजावणाऱ्याला ते मास्तरच मानत नसत.

एके दिवशी सोसायटीच्या ओल्या जिन्यावर त्यांचा पाय घसरला आणि वरचा पुढचा दात अर्धा तुटला. जवळच्या दवाखान्यात रूट कॅनाल झालं, वर कॅपही बसली. आत धातू आणि बाहेर सिरॅमिक, अशी ती कॅप सुरुवातीला छान दिसायची. पण हळूहळू हिरडी सुजायला लागली, ब्रश केला की रक्त यायचं आणि हसताना दाताच्या मुळाशी करडी रेघ दिसायची. शेवटी तालमीच्या ऐन मध्यात सिरॅमिकचा टवका निघून जिभेवर आला.

क्लॅरिनेट वाजवताना खालचा ओठ आत दुमडतात आणि माउथपीसवर वरचे दात टेकवतात. तो टेकूच डळमळीत झाला. हवा बाजूने निसटू लागली, वरचे सूर घसरू लागले. प्रिन्सिपल बाई चांगल्या मनानेच म्हणाल्या, "सर, अब आप बस सिखाइए. बजाने की क्या ज़रूरत है?"

दुसऱ्या दिवशी खंडेराव शेजारच्या सेक्टरमधल्या डॉ. अक्षया पेंडसे यांच्याकडे गेले. ही मूळची पुण्याची तरुण डॉक्टर. सोबत लतिकाताई होत्या आणि खंडेरावांच्या हातात क्लॅरिनेटची पेटीही होती.

"दात नंतर बघा," ते म्हणाले. "आधी मी काय करतो ते बघा."

त्यांनी खुर्चीत बसूनच वाजवलं. अक्षयाने वाकून दात आणि माउथपीस जिथे भेटतात ती जागा बारकाईने पाहिली. मग जुनी कॅप काढली आणि त्यांच्या हातात आरसा दिला.

"काका, कॅप बसवायला दाताभोवती एक पायरी कोरतात. कॅपची कड त्या पायरीवर टेकते. ही पायरी हिरडीखाली फार खोल गेलीय आणि कड तिच्यावर नीट बसलेली नाही. म्हणून हिरडी चिडलीय."

"मग आता सगळ्यात मजबूत असेल ते बसवा. पुन्हा टवका नको."

"पण पुन्हा रेघ दिसायला नको हं," शेजारी बसलेल्या लतिकाताई म्हणाल्या.

अक्षया हसली. "दोघांचंही ऐकायचं तर नीट विचार करावा लागेल. काचेसारखं सिरॅमिक असतं, ते सगळ्यात सुंदर दिसतं, अगदी खऱ्या दातासारखा उजेड आत घेतं. पण तुमच्या दातावर रोज एवढा भार पडतो, तिथे मला त्याचा भरवसा वाटत नाही. झिर्कोनिया हा सिरॅमिकचाच दुसरा प्रकार भक्कम असतो, पण चुकीचा निवडला तर शेजारच्या दातांमध्ये खडूसारखा पांढरा दिसतो. आपण मागची बाजू आणि चावायची धार अख्ख्या झिर्कोनियाची ठेवू. समोर, जिथे भार येत नाही, तिथे फक्त सिरॅमिकचा पातळ थर देऊ. पुढची कड हिरडीच्या जेमतेम आत राहील. मागची हिरडीच्या बाहेर, म्हणजे ब्रश पोचेल आणि दातही कमी कोरावा लागेल."

"बिल्कुल. कधी बसवायची?" खंडेरावांनी विचारलं.

"हिरडी बरी झाल्यावर. सुजलेल्या हिरडीवर माप घेतलं तर पुन्हा हेच होईल. तोवर प्लास्टिकची तात्पुरती कॅप." तिने आरशाकडे बोट दाखवलं. "आणि एक गोष्ट स्पष्ट सांगते. कॅप कितीही मजबूत असली तरी तिच्या आत तुमचा स्वतःचा दात थोडाच उरलाय. तो तुटला, तर कॅप शाबूत राहूनही उपयोग नाही."

शाळेच्या वार्षिक दिनाचा कार्यक्रम जवळ आला होता, सुरुवातीला एकट्याने वाजवायचा तुकडा खंडेरावांचाच होता. लष्करात त्यांचे एक उस्ताद वरचा ओठही दातांवर दुमडून वाजवायचे, ते त्यांना आठवलं. तसं वाजवलं तर दाताला माउथपीसचा स्पर्शच होत नाही. तेव्हा तरुण खंडेरावांना तो नसता त्रास वाटला होता.

आता त्यांनी तोच त्रास मागून घेतला. पहिल्या दिवशी एक सूर धड निघेना. वाद्य हातात डुलायचं, वरचा ओठ सोलवटायचा.

"अहो, साठी जवळ आली," लतिकाताई ओठाला लावायला तूप देत म्हणाल्या. "या वयात नव्याने शिकताय?"

"या वयात सोडू का मग?"

त्या दिवसापासून लतिकाताई रियाजाच्या वेळी टीव्ही बंद ठेवू लागल्या.

मधल्या काळात अक्षयाने तात्पुरत्या कॅपची धार दोनदा घासून कमी केली. दुमडलेल्या ओठाला ती आतून टोचत होती आणि हे वाजवल्याशिवाय कळलंच नसतं. ओठाला रुचलेला तोच आकार तिने पक्क्या कॅपसाठी लॅबला पाठवला. हिरडी गुलाबी झाली तेव्हाच माप घेतलं. रंग निवडताना लतिकाताई त्यांना खिडकीशी घेऊन गेल्या. "दुधासारखा नको," त्या अक्षयाला म्हणाल्या. "यांचे बाकीचे दात चहा पिऊन पिवळट झालेत, तसाच द्या."

कॅप बसली. अक्षयाने टोकदार सळई कडेवरून फिरवली, ती कुठेच अडली नाही; या वेळी कड नीट जुळली होती.

वार्षिक दिनाला मैदान भरलं होतं. मंचावर खंडेरावांनी दोन्ही ओठ दुमडले आणि सूर लावला. तो पूर्वीइतका खणखणीत नव्हता. थोडा मऊ, भरीव होता आणि शेवटच्या वरच्या सुरावर जाऊनही हलला नाही. मागून मुलांनी ड्रमवर ताल धरला. ते खाली उतरल्यावर प्रिन्सिपल बाई म्हणाल्या, "अगले साल भी शुरुआत आप ही कीजिए," तेव्हा त्यांनी लगेच होकार दिला.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. लतिकाताई मोबाईलवर कार्यक्रमाचा फोटो मोठा करून नवा दात कोणता ते शोधत बसल्या. आतल्या खोलीत खंडेराव पुढच्या वर्षीचा तुकडा बसवायला लागले होते.