चुलीपाशी कोण बसलं होतं

ग्रहण लागलेलं असताना भाजी चिरत बसणारी बाई आहे मी. नजर लागणं, अंगात येणं, लिंबू-मिरची — आमच्या घरात यातलं काही चालत नाही, मी चालू देत नाही. असे अनुभव मी वाचायचे ते दुपारी डोळा लागेपर्यंत. आज स्वतःचा लिहायला बसलेय. दोन वर्षं झाली त्याला. घरात कुणालाही पूर्ण सांगितलेला नाही... ह्यांनाही नाही.

आम्ही दीपनगरला वीज केंद्राच्या कॉलनीत राहतो. माझे धाकटे दीर संजय धुळ्याला असतात, त्यांचं गॅरेज आहे. दोघा भावांना एक खूळ लागलं — जुनी सतरा सीटर गाडी घेऊन तिची कॅम्पर करायची. सीट काढल्या, झोपायला बर्थ केले, पाण्याची टाकी बसवली. आणि किचन. ते मात्र माझं. मापं मी घेतली. दोन बर्नरची शेगडी, छोटं सिंक, घडी घालता येणारा ओटा, वाफ बाहेर फेकायला पंखा, डब्यांना खाचा. सहा महिने मी त्यातच होते. कशासाठी, तर रेखाला दाखवायला.

रेखा म्हणजे माझी जाऊ. धरणगावची, माझ्याहून आठ वर्षांनी लहान. साधे पोहे केले तरी माणसं दुसऱ्यांदा प्लेट पुढे करतात, असा तिचा हात. कुणाशीही पाच मिनिटांत बोलायला लागते. धुळ्यात त्यांनी स्वतःचं घर बांधलं, आम्ही अजून क्वार्टरमध्ये. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या वास्तुशांतीला मी गेले नव्हते — ताप होता. तेव्हापासून आमच्यात नीट बोलणं असं नव्हतंच. सणापुरतं, कामापुरतं.

डिसेंबरात पहिली ट्रिप निघाली. आम्ही चौघं आणि आबा, म्हणजे माझे सासरे. सावदा, रावेर, तिथून वर सातपुड्यात पाल गावाकडे. पहिल्या दिवशी रावेरच्या पुढे केळीच्या बागेशेजारी थांबलो आणि मी गाडीत शेवभाजी केली. फोडणी पडली आणि गाडीभर ठसका उठला... पंखा चालू होता तरी. आबा खोकत खाली उतरले, मागोमाग सगळे. मी एकटी आत, घामाघूम, खिडकीतून एकेक ताट बाहेर देत होते. भाजी छान झालीय म्हणाले सगळे. परत कुणी मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी पालच्या अलीकडे, नाल्याकाठी एका करंजाच्या झाडाखाली गाडी लावली. साडेअकरा वाजले असतील, लख्ख ऊन. वाटेत रेखानं भरताची वांगी घेतली होती, आणि एका शेतातून पऱ्हाट्या — कपाशीच्या वाळक्या काड्या — मागून आणल्या होत्या.

"ताई, आज मी बाहेर करते. वांगी पऱ्हाट्यांवरच भाजू."

"आत जाळी आहे माझ्याकडे," मी म्हणाले.

"असू द्या की. तुम्ही पण या ना बाहेर. ऊन बरं वाटतंय."

"तू कर. मी पोळ्या करते आत."

हे आणि संजय आबांना घेऊन नाल्याच्या पाण्याकडे गेले. मी गाडीचा दरवाजा सरकवून घेतला आणि कणीक भिजवायला बसले. बाहेर तीन दगड मांडल्याचा आवाज, मग धूर, मग वांग्यांचा तो वास. खोटं कशाला बोलू, तोंडाला पाणी सुटलं. त्याचाही राग आला.

थोड्या वेळानं हसणं ऐकू आलं. ओट्यासमोरची खिडकी वीतभर उंच. तिच्यातून पाहिलं तर रेखासमोर एक बाई बसलेली, माझ्याकडे पाठ करून. पिवळसर साडी, डोक्यावरून पदर. ती भाकरी थापत होती. जवळच्या पाड्यावरची कुणी असेल, असंच मला वाटलं. आणि मनात आलं ते इतकंच — हिनं इथेही मैत्रीण केली. रेखानं हसत हसत त्या बाईच्या गुडघ्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत माझ्या गुडघ्यावर तिनं कधी असा हात ठेवला नव्हता. मी ठेवू दिला असता का, ते सोडा.

मी खिडकी लावून घेतली. दोन पोळ्या करपल्या.

एकच्या सुमाराला पुरुषमंडळी परतली. मी पोळ्यांचा डबा घेऊन उतरले तर ती बाई गेलेली होती. सतरंजीवर भरीत, कांद्याची पात आणि टोपलीभर कळण्याच्या — ज्वारी-उडदाच्या — भाकरी. आबांनी एक उचलली, कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "हाई भाकर मोठीनी शे."

ही भाकरी मोठीची आहे. मोठी म्हणजे मी, थोरली सून.

"नाही आबा, मी आत पोळ्या केल्या."

"अगं, तूच थापल्यास," हे म्हणाले. "ही खळी बघ."

माझा उजवा अंगठा लहानपणी दारात चेंगरला होता. तो नीट वाकत नाही. त्यामुळे माझ्या प्रत्येक भाकरीला एका कडेला खळी पडते, घरात त्यावरून थट्टा चालते. मी टोपली पुढे ओढली. एकेक भाकरी उलटून पाहिली. प्रत्येकीला खळी होती.

रेखा माझ्याकडे पाहत होती.

जेवणं झाल्यावर आम्ही दोघी भांडी घेऊन नाल्यावर गेलो. तिथं तिनं माझा राखेचा हात धरला.

"ताई, त्यांच्यासमोर लाजलात का? मी नाही सांगणार कुणाला. वास्तुशांतीचं मी कधीच मनातून काढलंय. खरं सांगू, चहात थर्मामीटर बुडवल्याचं ऐकून मला हसूच आलं."

मी घासायचं थांबले.

"तुला कोण म्हणालं हे?"

"तुम्हीच की. मघाशी. रडलात, मग आपण दोघी हसलो..." ती थांबली. "आणि ती मोहरी रंगाची साडी छान दिसत होती. लगेच बदललीत कशाला?"

मी सकाळपासून पंजाबी ड्रेसवर होते. मोहरी रंगाची साडी माझ्याकडे एकच आहे, माझ्या आईची. ती दीपनगरला कपाटात होती.

आणि ताप मला नव्हता. त्यांच्या घराचा फोटो आला त्या दिवसापासून माझं जेवणात लक्ष नव्हतं. वास्तुशांतीच्या सकाळी मी थर्मामीटर कोमट चहात बुडवून ह्यांना दाखवला, हे एकटे गेले, आणि मी दिवसभर पडद्यांना इस्त्री करत बसले. हे जगात मला एकटीला माहीत होतं.

त्या क्षणी भीती वाटायला हवी होती. ती रात्री वाटली. तिथं नाल्यावर वाटला तो हेवा. मला सहा वर्षांत जे जमलं नाही ते, ती जी कोण होती तिनं, चुलीपाशी बसून अर्ध्या तासात बोलून टाकलं होतं. रेखाचं प्रेमही तीच घेऊन गेली होती.

रेखा वाट पाहत होती.

"हो," मी म्हणाले. "लाजले."

घरी आल्यावर कपाट उघडलं. साडी घडीत, जशीच्या तशी, डांबरगोळ्यांचा वास. धूर नाही, पिठाचा डाग नाही. मी खूप विचार केला. रेखाला भास झाला म्हणावं तर ती बाई मीही पाहिली. पाड्यावरची कुणी असेल तर तिला चहाचं कसं कळलं? आणि भाकरी तर आम्ही पाचही जणांनी खाल्ल्या. संजयनं चार.

आता रेखाचा दर रविवारी फोन येतो. आमचं छान चाललंय, लोक म्हणतात जावा अशा असाव्यात. मीही मनापासून बोलते. पण मध्येच ती म्हणते, "त्या दिवशी किती मोकळ्या होतात तुम्ही..." आणि मी घाईनं दुसरा विषय काढते.

गेल्या महिन्यात तिनं विचारलं, "ताई, त्या दिवशी तुम्ही तुमच्या आईची गोष्ट सांगत होतात. विहिरीपाशी त्यांनी तुम्हाला जवळ बसवलं आणि काहीतरी सांगितलं... तेवढ्यात हे लोक आले आणि राहून गेलं. काय म्हणाल्या होत्या त्या?"

मी सात वर्षांची असताना आई गेली. विहीर मला आठवत नाही. तिचा आवाजसुद्धा आठवत नाही.

"सांगेन कधीतरी," म्हणून मी फोन ठेवला.

याचा उलगडा मला अजून झालेला नाही आणि होईल असं वाटत नाही. पण ती जी कोण होती, तिला आईचं ते बोलणं पाठ आहे... आणि मला नाही.