पातूरच्या विहिरीचा शेवटचा सीन

मांजर आडवं गेलं तर मी मांजराला वाट देतो आणि पुढे निघतो. अमावास्येला नवे कपडे घातलेत, तिन्हीसांजेला नखं कापलीत, आणि अंगात आलेल्या बाईला तोंडावर 'नाटकं बंद करा' असं सांगून शिव्याही खाल्ल्या आहेत. करणी, भानामती, मुंजा... यातलं मी काही मानत नव्हतो, आजही मानत नाही. या सदरातल्या पांढऱ्या साडीतल्या बायका आणि मागून येणारे पावलांचे आवाज वाचून मी खो-खो हसत आलोय. माझ्या अनुभवात बाई दिसत नाही की आवाज येत नाही. आहे ती फक्त एक चव. जेवत जेवत वाचत असाल तर अंक बाजूला ठेवा, हात धुवून मग या.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होता आणि बोलपट नुकतेच गावोगावी पोचत होते. अमरावतीला कापसातून सरकी काढायची जिन चालवणाऱ्या एका शेठजींच्या डोक्यात आलं, की मुंबई-कोल्हापूरवाल्यांनीच का म्हणून पिक्चर काढावं? त्यांनी बंद पडलेल्या जिनच्या शेडमध्ये कंपनी थाटली. पत्र्याचं छप्पर, कोपऱ्याकोपऱ्यात कापसाची जुनी धूळ, शिंकून शिंकून जीव जायचा. मी शाळेत मराठी शिकवत होतो. मला 'रायटर' म्हणून बोलावणं आलं आणि मी नोकरी सोडून उड्या मारत गेलो.

शेठजींची कथा लिहून घ्यायची तऱ्हाच न्यारी. म्हणाले, "मास्तर, जिनमधी कसं असते? एक जन कापूस घालते, दुसरा सरकी काढते, तिसरा गाठ बांधते. कोनी कोनाच्या कामात नाक खुपसत नाई. स्टोरीचंबी तसंच करू."

म्हणून आम्ही तिघे. बांधणी वकीलसाहेबांची, संवाद अकोल्याच्या मुन्शीजींचे, शेवट आणि सफाई माझी.

वकीलसाहेब अमरावतीच्या कोर्टातले. सगळे सीन ठरल्याशिवाय एक अक्षर लिहायचे नाहीत. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर एकेक सीन दोन ओळींत मांडायचा आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत बांधलेल्या सुतळीवर तो टाचणीनं लटकवायचा. उन्हाळ्यात कुरडया वाळत घालतात तसं ते सगळं ऑफिसभर लोंबत असे. सीन मागे-पुढे करताना ते दर खेपेला बोट जिभेला लावून पत्रिका उचलायचे. ती थुंकी लागलेली पत्रिका मग माझ्या हातात यायची. मी ती रुमालानं धरत असे, यावर ते हसत.

मुन्शीजींचं उलट. त्यांना कागदाचं वावडं. मोर्णा नदीच्या बाजूला त्यांचं घर होतं, तिथल्या ओसरीवर ते फेऱ्या मारत आणि सगळ्या पात्रांचं स्वतःच बोलत — बाप, मुलगी, सासू, खलनायक, सगळे. बोलून बोलून वाक्य तोंडात बसलं, की मग एका बैठकीत उर्दूत लिहून काढायचे. तोंडात अष्टौप्रहर पान. पिंक टाकायला घासलेटचा रिकामा डबा. प्रत्येक पात्राची पिंक वेगळी, असं ते अभिमानानं सांगत. माणूस भला होता, पण त्या डब्याशेजारी बसून मला त्यांचं लिहिलेलं देवनागरीत उतरवून घ्यावं लागे, आणि मी नाकानं श्वास घेणं सोडून देत असे.

माझी पद्धत कापण्याची. ओळीखाली पट्टी धरून वाचायचं. जे वाक्य दोन पात्रांच्या तोंडी सारखंच शोभेल, ते काढून टाकायचं. रडण्यानंतरचं रडणं कापायचं. शेवट आधी मनात पक्का करायचा आणि त्याला न पोचणारे सगळे सीन मागे जाऊन सरळ करायचे. मी स्वतःला फार शहाणा समजत होतो.

कथा शेठजींनीच आणली होती, बाजारातून. पातूरच्या एका भिक्षुकाची थोरली मुलगी विहिरीत सापडली होती. लोक म्हणत, पाऊल वाकडं पडलं, उघडकीला आलं, म्हणून जीव दिला. शेठजी म्हणाले, "पोरीचं नाव बदला, गावाचं ठेवा. पातूर म्हटलं की अख्खा अकोला जिल्हा तिकीट काढते." आणि शेवटचा सीन त्यांना कसा हवा, तेही ठरलेलं — मुलगी विहिरीच्या काठावर उभी राहून हात जोडते, 'मी पापीण आहे, मला माफ करा' म्हणते आणि उडी घेते. बायका ढसाढसा रडल्या पाहिजेत.

ऐकतानाच मला शिसारी आली होती. पण माझं काम सफाईचं.

वकीलसाहेबांच्या सगळ्या पत्रिका सुतळीवर चढल्या, शेवटची मात्र कोरी. माझ्याकडे न बघता म्हणाले, "शेवटचं तुम्ही बघा, मास्तर. तुमचंच खातं आहे ते." आणि खिडकीतून थुंकले. पुन्हा थुंकले. हा माणूस बोट चाटायचा, पण थुंकताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. दात दुखत असेल, असं मी धरून चाललो.

बडनेऱ्याला गाडी बदलून मी अकोल्याला गेलो. मुन्शीजी ओसरीवर गप्प बसले होते. मुन्शीजी आणि गप्प! मी म्हटलं, शेवटचा सीन तेवढा घ्यायचाय.

"नहीं होता मास्तर," ते म्हणाले. "पूरा पिक्चर बोललो मी. बाप बोललो, पोरगी बोललो. कुएँ पे आया की मुँह में... तुम्हीच पाहा."

त्यांनी माझ्यासमोर ताजं पान लावून तोंडात घातलं. चांगलं लाल होईपर्यंत चघळलं. मग काठावरच्या मुलीचं वाक्य बोलायला लागले — 'मी पापीण...' आणि तिथेच घशात अडकल्यासारखे वाकले. डबा ओढला आणि थुंकले.

मला त्या डब्यात डोकावायचं नव्हतं. आयुष्यात कधीच डोकावलो नव्हतो. पण त्यांनी मान धरून दाखवल्यासारखं दाखवलं. लाल पिंकेवर हिरवट पाणी तरंगत होतं. शेवाळाचे तंतू होते त्यात. आणि वास... वर्षानुवर्षं न उपसलेल्या विहिरीचा, कुजलेल्या पानांचा, मेलेल्या बेडकाचा.

"पान लाल खाल्लं," मुन्शीजी तोंड पुसत म्हणाले, "थूका हरा. हे कोनतं गनित हाये?"

मी ओसरीवरून उतरून नदीकडे गेलो आणि सकाळचं जेवण तिथेच ओकून टाकलं. परतताना गाडीत मनाला समजावत होतो — काताला बुरशी लागली असेल, पानवाला बदमाश असेल. शिकलेल्या माणसाला कारणांची काय कमी!

घरी येऊन दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः लिहायला बसलो. दंतमंजन केलेलं, पोटात फक्त ताक. बाकीचे सीन तपासताना काही नाही. पट्टी शेवटच्या सीनवर आणली, टाक बुडवला आणि मुलीच्या तोंडी पहिलं वाक्य घातलं...

जिभेखालून पाणी सुटावं तसं ते आलं. गार, बुळबुळीत आणि लोखंडाच्या पोहऱ्याची चव असलेलं. मी धावत मोरीवर गेलो. चूळ भरली की जात असे, टाक उचलला की परत. मी वाक्य बदललं. मुलीला गप्प ठेवलं, नुसती उडी मारायला लावली... तरी आलं. उडीआधी पत्र लिहायला लावलं, तरी आलं. शेवटी दातांत काहीतरी अडकलं म्हणून बोट घालून ओढलं, तर हिरवा लांब तंतू निघाला. तो माझ्या बोटाला चिकटला आणि सुटेना. मी ते बोट राखेनं इतकं घासलं की कातडी सोलली. बायकोनं विचारलं काय झालं, तर तिच्यावरच खेकसलो.

डॉक्टरांनी दात पाहिले, जीभ पाहिली आणि पित्त म्हणून पुड्या दिल्या.

याच सुमारास एक वयस्क गृहस्थ माझ्या दारात आले. डोक्याला पागोटं, खांद्यावर धुतलेलं उपरणं. पातूरचे भिक्षुक, त्या मुलीचे वडील. ओसरीच्या खाली उभे राहूनच बोलले.

"मास्तर, माही धाकटी शांता, तिले परतवाड्याचं स्थळ आलं आहे. मानसं चांगली आहेत. पन त्यायच्या कानावर गेलं का पातूरच्या पोरीवर सिनेमा निघून राहिला. ते म्हनतात, आमी थांबतो. पाहू काय दाखवते ते." त्यांनी उपरण्याचं टोक मुठीत धरलं. "तसं काई झालंच नाई हो. थोरलीले पापीण म्हनू नका. धाकटीचं लग्न मोडते."

मी काय म्हणालो? "गुरुजी, मी फक्त सफाई करतो. कथेची बांधणी वकीलसाहेबांची आहे." ते वकीलसाहेबांकडे गेले, वकीलसाहेबांनी सांगितलं, संवाद मुन्शीजींचे. मुन्शीजींचं अकोला त्यांच्या परतीच्या वाटेवरच होतं. मुन्शीजी म्हणाले, मालिक शेठजी आहेत. म्हणून ते पुन्हा अमरावतीला आले, आणि शेठजी म्हणाले, "वाचनाले या ना, गुरुजी. ऐकून घ्या. पोरीची किती इज्जत केली आमी, ते तुमी पाह्यलं पाह्यजे."

वाचन म्हणजे कंपनीचा रिवाज. नारळ फोडून रायटरनं सगळ्यांसमोर पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचायचं, आणि वाचनात जे उतरलं तेच पुढे शूटिंगला जायचं. मान शेवट करणाऱ्याचा, म्हणजे माझा.

भर दुपारच्या आधीची वेळ. शेडचा पत्रा तापू लागला होता. शेठजी गादीवर, वकीलसाहेब खुर्चीत, मुन्शीजी मुद्दाम अकोल्याहून आलेले — डबा न घेता! — आणि नट, पेटीवाले, रंगवाले जमिनीवर. भिक्षुकबुवा दाराशी बसले होते, कोणी आत बोलावलं नाही म्हणून. मी वाचत गेलो. रडण्याच्या जागी बायका रडल्या. शेवटचा सीन मी तोंड दाबून, ओकत-ओकत, शेठजींना हवा तसाच लिहून आणला होता. नोकरी सोडून आलेला माणूस आणखी काय करणार.

'मी पापीण आहे...'

एवढंच वाचलं. पुढचं तोंडातून आलं ते शब्द नव्हते. हिरवं पाणी, पानं, शेवाळ... कागदावर, माझ्या धोतरावर. मला लाज वाटायची ती पाळी आलीच नाही, कारण शेडभर तेच सुरू झालं होतं. नट तोंड धरून बाहेर पळत होते. पेटीवाला पेटीवरच ओकला. वकीलसाहेब खुर्चीचा हात धरून वाकले होते, आणि शेठजी आपल्या पांढऱ्या गादीकडे बघत थुंकत होते, पुन्हा पुन्हा. "पानी! पानी आना!" माठातलं पाणी आलं. ज्यानं पहिला घोट घेतला त्यानं तो थुंकून टाकला. माठातल्या पाण्यालाही सगळ्यांना तीच चव लागत होती. त्या घाणीत, त्या वासात, कोणी कोणाकडे बघू शकत नव्हतं.

दाराशी बसलेले बुवा तेवढे कोरडे होते. ते उठले, माठाजवळ आले, वरून धार धरून पाणी प्याले.

"पानी तं चांगलं आहे," ते म्हणाले.

शेठजी त्यांच्याकडे बघत राहिले. "गुरुजी... काय झालतं पोरीले?"

"इतके दिवस कोनी पुसलंच नाई." बुवांनी तोंड पुसलं. "विहिरीची कप्पी तुटली होती. वाकून शेंदत होती. पाय घसरला. शांता बाजूलेच उभी होती, घागर धरून. तिच्या देखत गेली."

शेठजींनी हातानंच सांगितलं, की बंद करा. पिक्चर तिथेच संपलं. सुतळीवरच्या पत्रिका दुसऱ्या दिवशी चुलीत गेल्या.

बाहेर हातपाय धुताना वकीलसाहेब माझ्या शेजारी आले. हळूच म्हणाले, "पाय घसरला... यात सीन काय होणार, मास्तर?"

मला त्यांच्या मुस्काटात मारावीशी वाटली. इतकी किळस मला त्या हिरव्या पाण्याचीही आली नव्हती. पण मारली नाही, कारण बुवा सांगत होते तेव्हा माझ्याही मनात अगदी हेच आलं होतं — शेवट फिका पडला.

मी शाळेत परत गेलो, पुन्हा सिनेमासाठी लिहिलं नाही. शांताचं लग्न परतवाड्यालाच झालं. ती चव नंतर कधी आली नाही. त्या माठातलं पाणी शेठजींनी तपासून घेतलं होतं, त्यात काही निघालं नाही. मुन्शीजी अखेरपर्यंत म्हणायचे, पोरीनं आमचं तोंड धुतलं. मी ते मानत नाही. पण दुसरं कारणही माझ्याकडे नाही, आणि इतक्या वर्षांत कोणी मला पटेल असं दिलेलं नाही. परतवाड्याला मी पुढे दोन-चारदा गेलो. शांताबाईंचं घर बाजाराच्या रस्त्यावरच आहे. त्या दिवशी विहिरीवर नेमकं काय झालं, ते पाहिलेलं एकच माणूस म्हणजे त्या, त्यांना एकदा विचारावं असं फार वाटायचं. दरवेळी घरावरून पुढे निघून जायचो. विचारणार तरी कोणत्या तोंडानं?