बाईंची थांबायची रीत

"थांबा. आता मधली जागा कुणी भरू नका," म्हणत बाई हवेत बोट उभं करायच्या, आणि खोलीतली माशीसुद्धा भिंतीवर गुमान बसायची. खोटं वाटत असेल तर आमच्या राजुरीत कुणालाही विचारा.

नव्वदच्या दशकाचा शेवट. बाई पुण्याच्या मनोविश्लेषक. दर गुरुवारी एसटीनं यायच्या आणि शाळेमागच्या खोलीत स्वमग्न मुलांबरोबर बसायच्या. गाणी शिकवत नसत. मूल जो आवाज काढेल तोच हळू गुणगुणायच्या, अर्ध्यात सोडायच्या, वाट बघायच्या. "आवाज असतोच हो. तो कुणाला द्यायचा, ते मुलाला ठरवू दे."

मी गावच्या भजनातला पेटीवाला; सूर धरायला मला बसवलेलं. आता भजनी माणसाची खोड तुम्ही जाणता. बुवा दम घ्यायला थांबला की आम्ही मागून ओळ उचलणारच! पहिल्याच दिवशी बाईंनी सोडलेला सूर मी झोकात पुरा केला, वर एक तान ठोकली. समोरची सात वर्षांची मुलगी कान दाबून भिंतीवर डोकं आपटू लागली.

बाई रागावल्या नाहीत. "भाऊ, छान वाजवलंत. पण तिची पाळी तुम्ही घेतलीत."

मुस्काटात मारली असती तर परवडलं असतं.

चार महिन्यांनी त्या मुलीचा बाप दारात उभा राहिला. "बाई, लई झालं. अजून एक शबुद न्हाई. आज काय झालं तर ठीक, न्हाईतर उद्या हिला निरगुडसरला माझ्या म्हातारीकडं ठिवतो. परत आणणार न्हाई."

"बरं. पण आज आत बसा."

मुलगी भिंतीकडं तोंड करून "ऊं-ऊं" करत होती. बाईंनी तेच दोन सूर उचलले, दुसरा अर्धवट सोडला. बोट वर.

मुलगी गप्प. पेटीचा भाता भरलेला, माझं बोट पट्टीवर. बाप डोळे वटारून कुजबुजला, "वाजवा की राव!"

मी दोन्ही हात मांडीखाली दाबले. देवाशप्पथ, एवढं अवघड काम मी जन्मात केलं नव्हतं.

आणि भिंतीकडून तो सूर आला. बारीक, थरथरता, पण पुरा. मुलगी वळली ती थेट बापाकडं.

"मी काय करू?" बाप घाबरला.

"उत्तर द्या," बाई म्हणाल्या.

तो पैलवान गडी "ऊं" म्हणाला. इतकं बेसूर, की एरवी मी उठून गेलो असतो. मुलगी सरकत त्याच्याजवळ आली आणि तिनं त्याच्या गळ्यावर तळहात ठेवला. "ऊं," ती म्हणाली. "ऊं," तो म्हणाला. किती वेळ चाललं, देव जाणे.

मग मान न वळवता त्यानं विचारलं, "बाई, पुढच्या गुरुवारी कधी आणू?"

मी पाहिलं, तर बाई खोलीत नव्हत्याच. बाहेर पायरीवर, दाराकडं पाठ करून बसल्या होत्या.