पाणथळातला खांब

पहाटेची पाळी मी मागून घ्यायची. बाकीच्यांना वाटायचं, बाईचं डोकं फिरलंय. पण शॉर्टवेव्ह ऐकायचा तर दिवस उगवायच्या आसपास, तेव्हा लांबचे आवाज जवळ येतात. आमचं केंद्र पाठवणारं नव्हतं, ऐकणारं होतं. जळगाव-धुळ्याच्या मधल्या सखल रानात दोन उंच लोखंडी खांब, एक पार सखलात, दुसरा उंचवट्यावर, त्यांच्यामध्ये ताणलेली तार आणि एक कौलारू खोली. हेडफोन लावला की कुठल्या कुठल्या भाषांतली माणसं बोलायची, मधेच कुणी गायचं, मग सगळं विरून नुसती खरखर उरायची. खिडकीबाहेर धुकं, धुक्यात करकोचे उभे. ते ओरडले की मला कळायचंच नाही, हे आतून आलं की बाहेरून. मी जामनेरची, बाजाराच्या पलीकडे जग आहे हे मला त्या खरखरीनं दाखवलं.

त्या जागेला गावात रेडिओचं शेत म्हणत. मुळात ते पाणथळ. ओली जमीन रेडिओला चांगली, म्हणून तर केंद्र तिथं आलं. पण सखलातल्या खांबाला ओढून धरणारे तणावे चिखलात सैल पडायचे नि खांब कलायचा. मग कुणा साहेबानं जमिनीखाली सिमेंटचे नळ टाकून चर काढला आणि सगळं पाणी नाल्यात सोडलं. दर वर्षी पावसाआधी त्या चराचं तोंड उकरून साफ करायचं, ते काम माझ्या देखरेखीखाली. आणि वैशाखात? जमीन ठणठणीत कोरडी पडली की अर्थिंग चालेना. मग आम्ही टँकर मागवून अर्थिंगच्या खड्ड्यांत घागरी ओतायचो! काखेत कळसा आणि गावाला वळसा. इतकी शिकलेली माणसं आम्ही, पण एकाच्याही टाळक्यात उजेड पडला नाही. माझ्याही नाही.

शेजारच्या वस्तीतली एक अक्का मात्र दर वर्षी फाटकाशी यायची. पाणथळातल्या लव्हाळ्यांच्या चटया विणून तिचं घर चालायचं. पाणी गेलं तसे लव्हाळे गेले आणि ती लोकांच्या कपाशीत रोजानं जायला लागली. "औंदा चर नका खंदा, माय," एवढंच म्हणायची. मी म्हणायची, "अक्का, वरून हुकूम आहे," आणि आत. हुकूम होताच. पण तिला घोटभर पाणीसुद्धा विचारलं नाही मी कधी, याची आता लाज वाटते.

पुढं केंद्र बंद पडलं. यंत्रं भंगारात निघाली तेव्हा एक जुना रिसीव्हर मी भांडून तिथंच ठेवून घेतला. निवृत्तीनंतरही महिन्यातून दोनदा बस पकडून जायची, बॅटरी जोडायची आणि ऐकत बसायची. आवाज कमी झालेत आता. एकेका देशानं आपापली केंद्रं गुंडाळली. तरी उरलेसुरले यायचे, पाण्याखालून बोलल्यासारखे. मला तेवढं पुरे होतं.

आणि मग पाणथळ परत आणायला निघालेली मंडळी आली. फैजपूरचे एक निवृत्त मास्तर त्यांचे म्होरके. माणूस गोड, म्हणून मला जास्तच राग यायचा. म्हणाले, "ताई, चराचं तोंड बुजवलं की पाणी आपोआप थांबेल. पण कागद कुठं सापडत नाहीत. तुम्हाला जागा आठवते?"

"आणि खांब?" मी विचारलं.

ते घुटमळले. सखलातला खांब पाण्यात टिकणार नाही, आधीच उतरवावा लागेल. खोली आणि उंचावरचा खांब मात्र जपू, तिथं माहितीचा फलक लावू.

"तार काय फलकाला बांधू?" मी म्हणाले. दोन खांब होते म्हणून तार होती, तार होती म्हणून ऐकू येत होतं. एक गेला की संपलं. चराची जागा मी डोळे मिटून दाखवली असती. म्हटलं, "नाही बुवा आठवत."

ते खणत राहिले, जिथं तिथं, आणि सगळं चुकीच्या जागी. मी खोलीत बसून कानाला हेडफोन लावायची. अक्काही त्यांच्यात होती, सत्तरी ओलांडलेली, डोक्यावर मातीचं घमेलं. एका दुपारी ती उन्हात मटकन खाली बसली, थोड्या वेळानं उठली आणि पुन्हा घमेलं उचललं. माझ्याच्यानं ते बघवेना. तणतणत बाहेर आले, बोरीच्या झुडपापाशी पाय आपटला आणि म्हणाले, "इथं खणा. हातभर खाली नळ आहे." मास्तरांनी एका शब्दानं काही विचारलं नाही. तेही मला लागलं.

खांब उतरवला त्या दिवशी मी गेले होते. तार हळूहळू खाली आली, त्यांनी ती गुंडाळून माझ्या हातात दिली. मी रडले, सगळ्यांसमोर, अगदी पोरीबाळींसारखी.

दिवाळीनंतर गेले तर पाणी साचलेलं. सकाळचं धुकं त्याच्यावरून सरकत होतं आणि उरलेला खांब पाण्यात उलटा हलत होता. कुठलं आभाळ खरं नि कुठलं खालचं, बघता बघता विसरायला होत होतं. अक्का काठावर विळ्यानं लव्हाळे कापत होती. तिच्याशेजारी टेकले. आता तरी खरं बोलावं म्हणून म्हणाले, "अक्का, मला जागा आठवत होती. मी खोटं बोलले."

"माहीत शे," ती म्हणाली. "मलेबी जागा माहीत व्हती. दर साल तुमी उकरेत, ते मी फाटकशी उभी राहीसन पाहू."

"अगं मग बोलली का नाहीस? एवढ्या उन्हात घमेली का वाहिलीस?"

तिनं पेंडी बांधली, गाठ ओढून पाहिली.

"खांब तुन्हा व्हता, माय. तुन्हा आगोदर मी कशी सांगू?"