सातव्या गाण्यावरचा वाद

मी नगरच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते, तेव्हा एका स्थानिक दैनिकाच्या रविवार पुरवणीत ‘नवीन कॅसेट’ नावाचं छोटं सदर लिहायचे. ते मला कसं मिळालं याचं आजही नवल वाटतं. पुरवणीच्या संपादकांना वाचकांचं पत्र म्हणून मी काहीतरी खरमरीत लिहिलं होतं आणि त्यांनी उलट निरोप पाठवला, एवढं कळतं तर दर आठवड्याला तूच लिही.

आम्ही भिंगारला राहायचो. वडील लष्कराच्या एका डेपोत सिव्हिलियन कारकून होते. घरात एक टेपरेकॉर्डर होता आणि त्यावर सकाळी बुद्धवंदना, नंतर माझ्या कॅसेटी.

हिंदीत पटापट बोलत गाणाऱ्या एका रॅपरचं वेड तेव्हा सगळीकडे होतं. त्याची आधीची कॅसेट रिक्षात, गणपतीच्या मांडवात, कॉलेजच्या गॅदरिंगला, सगळीकडे वाजून वाजून झाली होती. चेष्टा, मस्करी, पोरीच्या बापाला घाबरणं असलं सगळं त्यात. रॅप हा शब्द आमच्या गल्लीत कुणी वापरत नसे. ‘ते भांडल्यासारखं गाणं’ म्हणायचे.

नवी कॅसेट आली त्या दिवशी भिंगारच्या बाजारातल्या कॅसेटच्या दुकानापुढे पंधरावीस जण उभे होते. दुकानदाराने मोठ्या स्पीकरवर लावली. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. तिसऱ्याला लोक एकमेकांकडे बघायला लागले. ठेका संथ होता, विनोद एकही नव्हता. एका गाण्यात तर तो नुसता आईशी बोलत होता, मागे एकच ढोल.

“डेक स्लो फिरतोय तुमचा,” कोणीतरी म्हणालं.

दुकानदाराला ते खरं वाटलं. त्याने कॅसेट काढली, कापसाला स्पिरिट लावून हेड पुसलं, परत लावली. तसंच. मग शेजारच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून दुसरा टेप आणला. त्यावरही तो माणूस तितकाच सावकाश आणि तितकाच गंभीर. तेव्हा कुठे सगळ्यांना पटलं की बिघाड यंत्रात नाही, त्याने मुद्दाम असं केलंय. निम्मे लोक काही न घेता गेले. मी घेतली.

आठवडाभर कॉलेजात दुसरा विषय नव्हता. ग्रंथालयात मुंबईचं एक इंग्रजी वर्तमानपत्र यायचं, त्यात लिहिलं होतं की या गायकाला अचानक मोठं व्हायची घाई झाली आहे. पुण्याच्या एका मराठी पेपराने त्याच कॅसेटला परिपक्व म्हटलं होतं. कॅन्टीनमधली पोरं तर फसवणूक झाल्यासारखी चिडली होती. आणि संपादक मला विचारत होते, “चांगली की वाईट? दोनशे शब्दांत सांग.”

मला सांगता येईना. मी ती पाच वेळा ऐकली होती. आवडली असं म्हणवत नव्हतं, आणि सोडवतही नव्हती. नेमकं काय चुकलंय, की काहीच चुकलेलं नाही, हे मला जाणून घ्यायचं होतं.

वडिलांनी माझी चुळबुळ बघितली आणि म्हणाले, “गल्लीतल्या काकांना ऐकव. त्यांनी सगळं तरुणपण लोकांपुढे गाणी म्हणण्यात घालवलंय.”

हे काका लष्कराच्या मेसमधून रिटायर झालेले. तरुणपणी ते बाबासाहेबांचे विचार गाण्यांतून सांगणाऱ्या भीमजलशाच्या पार्टीबरोबर जिल्हाभर फिरले होते. आता समोरचे दात गेले होते आणि जयंतीलासुद्धा ते माईकपाशी जात नसत. रविवारी दुपारी मी टेप घेऊन गेले. “जय भीम काका, एक ऐकायचंय,” म्हटलं, आणि आधी जुनी कॅसेट लावली, मग नवी.

मेसमध्ये राहिल्यामुळे हिंदी त्यांना छान कळायची. त्यांनी टेपच्या झाकणावर हात ठेवला आणि डोळे उघडे ठेवून ऐकत राहिले. मध्येच म्हणाले, “मागं घे. जुनी लाव परत.”

मी लावली.

“ह्यात हा श्वासच घेत न्हाई. ऐक. एवढं लांब कोन बोलतं? तुकडं तुकडं म्हनलंय अन् जोडलंय. नव्यात बघ, आईच्या गान्यात, दम लागलेला ऐकू येतोय. न तोडता, सलग म्हनलंय त्यानं.”

पाच वेळा ऐकूनही मला तो श्वास जाणवला नव्हता. त्यांनी सांगितल्यावर दर ओळीला ऐकू यायला लागला.

“म्हणजे नवी चांगली?”

“चांगली हाय की. पन ते सातवं उगाच हाय. तिथं त्याला काय म्हनायचंच न्हाई, नुसतं नाराज व्हायचंय.”

“आणि लोक का चिडलेत मग?”

यावर त्यांनी काष्टी गावातली एक हकिगत सांगितली. काष्टीला बाजाराच्या दिवशी त्यांचा जलसा होता. नेहमी आधी हसवायचा भाग असे आणि मग गंभीर. त्या दिवशी पार्टीच्या म्होरक्याने ठरवलं की हसवणं बंद, आज फक्त सांगायचं. त्याने काकांकडून एक लांबलचक रचना म्हणवून घेतली, नुसत्या डफावर.

“निम्मं मानूस उठून गेलं. मी म्हनतोय अन् लोकं धोतर झटकत्यात. आमी परत कदी तसं केलं न्हाई. पन ते वाईट हुतं का, ते मला आजूनबी कळलं न्हाई बघ.”

“आठवतंय का ते?”

त्यांना निम्मं आठवलं. दात नसल्यामुळे शब्द निसटत होते, तरी त्यांनी मांडीवर ठेका धरून म्हटलं. मला ते आवडलं का? सुरुवात फार आवडली. पुढे उपदेश वाढला तसं माझं लक्ष उडालं, आणि मी ते त्यांना तसंच सांगितलं. ते रागावले नाहीत. “व्हय, तिथंच उठली हुती लोकं,” एवढंच म्हणाले.

मी परीक्षण लिहिलं. कुठली गाणी का जमली, श्वास कसा ऐकू येतो, सातवं का पोकळ वाटतं. संपादकांनी वाचून कपाळाला आठ्या घातल्या. “हे धड इकडचं नाही, तिकडचं नाही.” छापलं मात्र पूर्ण. वर मथळा त्यांनी स्वतः दिला: ‘नवी कॅसेट फसली!’

सोमवारी संध्याकाळी माझ्या वर्गातली एक मुलगी सायकल मारत नगरहून भिंगारला आली. हातात पुरवणी. ती त्याची एवढी चाहती होती की वह्यांवर त्याची चित्रं लावायची. दारातच म्हणाली, “फसली? तुला कोणी अधिकार दिला?”

“मथळा माझा नाही. खालचं वाचलंस?”

तिने वाचलं नव्हतं. उंबऱ्यात बसूनच वाचलं. तिचा चेहरा मऊ होत गेला आणि शेवटच्या परिच्छेदाशी पुन्हा तापला.

“सातवं पोकळ? मी तेच सगळ्यात जास्त ऐकते.”

“त्यात तो काही सांगतच नाही.”

“नाहीच सांगत. काही सांगायचं नसतं आणि तरी माणूस नाराज असतं, असं तुझं कधी होत नाही? माझं रोज होतं.”

तिच्या घरात काय चाललं होतं ते मला ठाऊक नव्हतं आणि मी विचारलंही नाही. मी तिला घेऊन काकांकडे गेले. तिने त्यांच्यापुढे तेच सगळं पुन्हा मांडलं, जरा अदबीने. आम्ही सातवं गाणं तिघांनी मिळून ऐकलं. काका बराच वेळ मान हलवत होते.

“मला न्हाई पटत, बाई,” ते शेवटी म्हणाले. “पन तू म्हनतीस तसं ऐकलं तर येगळं लागतंय. परत लाव.”

मी तिच्याकडून तिचं म्हणणं पत्रात लिहून घेतलं आणि पुढच्या रविवारी माझ्या सदरात छापायला दिलं. संपादकांनी विशेष कुरकुर न करता घेतलं. दुकानदाराने उरलेल्या कॅसेटी परत पाठवल्या, त्या रॅपरने पुढची कॅसेट पुन्हा मस्करीची काढली आणि ती धडाक्यात चालली. माझी मैत्रीण ती घ्यायला गेली नाही. मी घेतली, पण दोनदाच ऐकली. त्यात कुठेही त्याचा श्वास सापडत नव्हता.